कोण बोलतंय हे न विचारणारं यंत्र

विजू,

तुझ्याविषयी लिहायला बसले आणि आधी तुझी अट आठवली. "एमआयडीसीतला त्या जातीचा शेवटचा खोका निघेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ताई. निघाला की लिही हवं तेवढं." शेवटचा खोका गेल्या महिन्यात निघाला, तू तेव्हा इस्पितळात होतीस. म्हणून आता लिहायला हरकत नाही. जन्मभर तू मला "थोडक्यात सांग" म्हणत आलीस. आज मात्र मी सविस्तर बोलणार आहे, आणि तुला मध्येच उठून चहा टाकायला जाता येणार नाही.

गेले काही दिवस घरात माणसांची ये-जा आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण एक वाक्य हमखास बोलतो : "विजयाताईंना यंत्रांची फार आवड होती." मी मान हलवते; दुःखाच्या घरात कुणाला दुरुस्त करू नये, एवढं मलाही कळतं. पण तुला सांगते, ते वाक्य चूक आहे. तुला यंत्रांची आवड नव्हती, काळजी होती. या दोन गोष्टींत अंतर आहे आणि तुझं सगळं काम त्या अंतरातच झालं.

तू त्या रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून लागलीस, तो काळ नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आईसोबत पोलादपूरला राहायचीस, सकाळच्या एसटीने फाट्यावर उतरून कारखान्यात जायचीस, आणि शनिवारी परतीच्या वाटेवर न जाता उलट महाडला माझ्याकडे यायचीस. कायद्याने तेव्हा बायकांना कारखान्यात रात्रपाळी नव्हती. "संध्याकाळी मी निघते, पण खोका तिथेच जागा असतो, ताई," असं तू एकदा म्हणालीस. तेव्हा मला त्या वाक्यातली भीती ऐकू आली नाही. एखादी आई मुलाला पाळणाघरात ठेवून आल्यासारखं बोलतेस, एवढंच वाटलं.

खोका म्हणजे काय, हे तू मला स्वयंपाकघरात समजावलं होतंस. मी कणीक मळत होते. कारखान्यात पंप केव्हा चालू व्हायचा, कोणता व्हॉल्व्ह किती उघडायचा, रिॲक्टर किती तापू द्यायचा, याचे सगळे हुकूम पॅनेलमध्ये बसवलेला एक खोका देतो. त्याच्या पोटात हुकुमांची मालिका भरलेली असते. ती मालिका बदलण्यासाठी पुरवठादार कंपनीने त्याला मोडेम लावून टेलिफोनची तार जोडली होती, म्हणजे त्यांच्या माणसाला पुण्याहून घाट उतरून यावं लागू नये.

"मग सोयीचंच आहे की," मी म्हणाले.

"सोयीचंच आहे. पण तुझ्या वर्गात असं एखादं मूल असतं ना, कुणीही 'उभा राहा' म्हटलं की उभं राहणारं? आवाज बाईंचा आहे की मागच्या बाकावरच्या टवाळाचा, हे न बघणारं?"

"असतं. बिचारं असतं ते."

"हा खोका तसा आहे. फोन उचलतो आणि ऐकतो. कोण बोलतंय, हे विचारायची अक्कल त्याला बनवतानाच दिलेली नाही."

मी शिक्षिका, मला लगेच उपाय सुचला. त्याला विचारायला शिकवा, असं मी म्हणाले. तू हसलीस. ते शिकवणं तुझ्या हातात नव्हतं, कारण उणीव वरच्या हुकुमांत नव्हती, खोक्याच्या घडणीतच होती. तुझ्या हातात एकच गोष्ट होती : खोक्याच्या तोंडावरची एक छोटी किल्ली. ती एका टोकाला फिरवली की खोका फक्त चालतो, बदल कुणाचाच ऐकत नाही. मधल्या खुणेवर ठेवली की बाहेरच्याचंही ऐकतो. पुरवठादाराच्या माणसाने आपल्या सोयीसाठी ती मधल्या खुणेवर ठेवली होती आणि तशीच सोडून तो गेला होता.

किल्ली फिरवून काढून ठेवायची, यात अवघड काय होतं? पण तू रुजू झालीस ती दसऱ्याच्या नंतर, आणि खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होऊन गेली होती. धोंडूदादा, तुमच्या पाळीचे जुने ऑपरेटर, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतले. पॅनेलला झेंडूची माळ घालायचे, हळदकुंकू वाहायचे आणि किल्लीला लाल दोरा बांधायचे. एकदा दोरा बांधला की पुढच्या नवमीपर्यंत किल्लीला हात नाही, असा त्यांचा नेम. तुमचं ते बोलणं तू मला साभिनय करून दाखवलं होतंस.

"धोंडूदादा, ही चावी काढून ठेवूया."

"नाय बाय. पूजा झालेली हाय. आता ती फुडल्या नवमीलाच."

"आणि तोवर कुणी काही बिघडवलं तर?"

"दोरा बांधलेल्याला कोन हात लावतंय? हिकडं उंदीर पन येत नाय."

"दादा, हात लावायची गरजच नाही. नुसता फोन केला की पुरतं."

"मंग फोनला पन दोरा बांधतो."

आपण दोघी पोट धरून हसलो. मग तू म्हणालीस, "मी साहेबांनाही सांगितलं. ते म्हणतात, कशाला कामगारांच्या भावना दुखावता, आपल्या खोक्याला फोन करणार कोण?" तो प्रश्न त्या वेळी मलाही रास्त वाटला. महाडच्या एका कारखान्यातल्या लोखंडी कपाटाला कोण कशाला फोन करील?

मार्गशीर्षात एका दुपारी त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. रिॲक्टरमध्ये माल शिजत होता. तो शिजताना स्वतःच तापतो, म्हणून त्याच्याभोवती सतत थंड पाणी फिरवावं लागतं. तो पाण्याचा पंप आपोआप बंद पडला. धोंडूदादा म्हणाले, लाइट गेली असेल. दिवे तर चालू होते. तुझी नजर मोडेमकडे गेली; त्याचा बारका दिवा लुकलुकत होता. तू टेलिफोनची तार उपटलीस, दोऱ्यासकट किल्ली फिरवून बाहेर काढलीस आणि धोंडूदादांनी धावत जाऊन पंप हाताने सुरू केला. तापमानाचा काटा वर चढत गेला, थांबला आणि मग उतरला. हे "मग उतरला" तू मला इतक्या हळू सांगितलंस, की त्या दोन शब्दांच्या मधल्या वेळात काय काय होऊ शकत होतं, हे मला न विचारता समजलं.

थोड्या वेळाने पुण्याहून फोन आला.

"मॅडम, लाइन कट झाली. तुमच्या चिलरचं काम करत होतो ना, पंप बंद करून."

"आमच्याकडे चिलर नाही. थंड करायला नुसतं पाणीच फिरतं."

"असं कसं? लोट्याचाच प्लँट ना हा?"

"महाड."

पलीकडून यादीची पानं उलटल्याचा आवाज आला, असं तू सांगितलंस. तो मुलगा वाईट नव्हता. यादीतल्या लोट्याच्या ओळीऐवजी महाडच्या ओळीतला नंबर त्याने फिरवला होता. आणि तुमच्या खोक्याने त्याला 'तू कोण' असं विचारलं नाही, आणि 'मी कोण' हेही सांगितलं नाही. दोन अनोळखी माणसं एकमेकांना ओळखीची समजून बोलत राहिली, आणि मध्ये तापलेला रिॲक्टर होता.

धोंडूदादा तुटलेला दोरा हातात घेऊन उभे होते. "बाय, पंप बंद केलान कुनी?"

"तसा कुणीच नाही, दादा. पुण्याच्या माणसाने दुसऱ्याचा बंद केला, तो आपला निघाला."

ते खाली बसले. मग म्हणाले, "फुडल्या नवमीला चावी भायेर काढून ताटात पूजू. देवीला ताट चालतंय." तुझ्या कारखान्याचा प्रश्न तिथेच सुटला. तुझा मात्र सुटला नाही. तोच खोका, तीच तार आणि तशीच मधल्या खुणेवर अडकलेली किल्ली एमआयडीसीतल्या इतर कारखान्यांतही होती. पुरवठादार कंपनीचा साहेब येऊन गेला. किल्ली आम्ही दिलेलीच आहे, ती वापरायची की नाही हे गिऱ्हाइकाने बघावं, असं म्हणाला. "त्याचं बरोबर आहे, ताई," तू म्हणालीस. "म्हणूनच जास्त राग येतो."

इथे आपला वाद सुरू झाला, आणि खरं तर तो अजून संपलेला नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. जे कळलं ते सगळ्यांना सांगावं. मी जन्मभर फळ्यावर लिहीत आले. माहिती झाकून ठेवणं मला कधी जमलं नाही आणि पटलंही नाही. वर्तमानपत्रात दे, कारखानदारांच्या असोसिएशनच्या फलकावर लाव, असं मी म्हणाले.

"काय लावू? 'या खोक्याला फोन केला की तो ऐकतो'? आणि खाली नंबर?"

"थट्टा करू नकोस. लोक सावध होतील."

"सावध व्हायला त्यांना महिना लागेल, ताई. फोन फिरवायला कुणाला एक मिनिट पुरेल. दार उघडं आहे हे आधी घरात राहणाऱ्यांना सांगू दे ना. चावडीवर नंतर."

"मग घरात राहणाऱ्यांना जाऊन सांग."

"गेले होते. दोन ठिकाणी चहा दिला आणि 'मॅडम, तुमच्या कारखान्यात घडलं, आमच्याकडे सिस्टीम चांगली आहे' असं सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, तुमच्या साहेबांनी पाठवलंय का."

मग तू जे मागितलंस, ते ऐकून मी लाटणं खाली ठेवलं. तुला माझ्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू हवं होतं.

मी हळदीकुंकू का सोडलं होतं, हे तुला ठाऊक होतं. आपले अण्णा गेल्यानंतर पहिल्या संक्रांतीला शेजारच्या घरून आमंत्रण आलं ते मला एकटीला, आणि माझ्याकडे राहायला आलेली आई ओटीवर गहू निवडत बसून राहिली. त्या दिवशी मी ठरवलं, की ज्या समारंभाच्या दारात माझी आई थांबते, तो समारंभ माझ्या घरात होणार नाही. माझ्या शाळेतल्या मुली दरवर्षी मार्चमध्ये चवदार तळ्यावर जातात. पाणी सगळ्यांचं असतं, हे मी त्यांना वर्गात शिकवते. मग घरी कुंकू निवडक कपाळांचं कसं ठेवू?

"तुझं तत्त्व मला माहीत आहे, ताई," तू म्हणालीस. "पण त्या सगळ्या इंजिनिअरांच्या बायका मला एका खोलीत हव्या आहेत. नवरे माझं ऐकत नाहीत. बायकांचं ऐकतात."

"तूच कर मग."

"मी बिनलग्नाची. माझ्या हळदीकुंकवाला कोण येणार?"

मी अट घातली. बोलावणं सगळ्यांना जाईल : विधवा, कुमारिका, आपल्या आळीतल्या मुसलमान शेजारणी, बौद्धवाडीतल्या माझ्या सहशिक्षिका. तू म्हणालीस, "जितक्या जास्त तितकं बरं." तुझ्यासाठी ते किल्ल्यांचं गणित होतं. माझ्यासाठी काय होतं, ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

वाण म्हणून तू सुताराकडून लाकडी पाट्या करून आणल्यास, प्रत्येकीला एक हूक, भिंतीला ठोकायच्या. बायका त्या उलटसुलट करून बघत होत्या.

"काय गो, ह्याला काय लावायचा?"

"तुमच्या मिस्टरांच्या पॅनेलची चावी."

"म्हंजे घरी आनायची?"

"नाही हो, पाटी त्यांना कारखान्यात न्यायला सांगायची. आणि घरी गेल्यावर विचारा, चावी कुठे असते. पॅनेलमध्येच अडकवलेली असते म्हणाले, तर ती टोकाला फिरवून, काढून पाटीवर लावेपर्यंत जेवायला वाढू नका."

"अगो बाय, आमच्याकडं आठवडाभर उपास घडंल मग!" एकजण म्हणाली आणि सगळं घर हसलं. खोक्याचं नाव नाही, फोनचा उल्लेख नाही, कसं बिघडतं याचं अक्षर नाही. करायचं काय, एवढंच तू सांगितलंस. मी कोपऱ्यातून बघत होते आणि मनात म्हणत होते, ही शिकवते आहे, पण रीत दाखवत नाही, नुसतं उत्तर देते आहे. माझ्या वर्गात हिचे गुण कापले असते.

पुढच्या आठवड्यात तुला फोन येऊ लागले. "मॅडम, हा काय प्रकार आहे? घरी वातावरण तापलंय." "तापू दे, रिॲक्टरपेक्षा बरं," असं तू एकाला सांगितलंस म्हणे. एकेक किल्ली पॅनेलबाहेर आली. ज्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं, तेही स्वतःहून विचारायला आले, आणि त्यांना तू दार बंद करून सगळं समजावलंस.

पण विजू, त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आई पोलादपूरहून आली होती. ती सवयीने आत, चुलीपाशी जाऊन बसली. तू करंडा घेऊन आत गेलीस. मला वाटलं, काही आणायला गेली असशील. मी मागोमाग आले, तर तू आईच्या समोर गुडघे टेकून बसली होतीस. "हे काय गो विजू," आई म्हणत होती, "बायका काय म्हनतील," आणि कपाळ मात्र तिने मागे घेतलं नव्हतं. तू कुंकू लावलंस. कारखाने, खोके, किल्ल्या हे सारं त्या क्षणी तुझ्या डोक्यात नव्हतं, हे तुझ्या हातावरून दिसत होतं. माझं तत्त्व मी वर्षानुवर्षं नकार देऊन सांभाळलं. तू ते होकार देऊन एका मिनिटात पूर्ण केलंस. याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. तेव्हा मी तिळगुळाचं ताट उचलून बाहेर गेले, आणि नंतर दर वेळी आपण वादच घालत बसलो.

वाद कसला, तोच. "आपल्या हळदीकुंकवाला लोट्याच्या बायका आल्या नव्हत्या," मी म्हणायची. "तिथल्या किल्ल्या कोणी काढल्या? सगळीकडे छापून आलं असतं, तर त्यांनाही कळलं असतं." यावर तू "तेवढं खरं आहे," म्हणायचीस. ओळखीच्या एकेका इंजिनिअरला तू फोन करत राहिलीस, रोह्याला, तारापूरला, जिथे जिथे कुणी तुझ्याबरोबर शिकलेलं होतं तिथे. पण वर्तमानपत्राला तू शेवटपर्यंत गेली नाहीस. तुझं बरोबर होतं का? मी अजून ठरवू शकलेले नाही. तुझ्या मार्गाने कुणाचं नुकसान झालं नाही, हे मला दिसतं. जे दूर होते आणि ज्यांना कुणीच सांगितलं नाही, त्यांचं काय झालं, हे मला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टी नव्हत्याच असं मानायला मी विज्ञान शिकवलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ताई, मग दोघींनाही निम्मे गुण दे." देणार नाही. हा पेपर तपासायचा राहिला आहे, राहू दे.

गेल्या महिन्यात नदीम तुला भेटायला इस्पितळात आला होता. माझा जुना विद्यार्थी, आता एमआयडीसीत इंजिनिअर. "मॅडम, त्या मेकच्या खोक्याचं शेवटचं पॅनेल आमच्याकडेच होतं. काढलं." मला वाटलं, तू समाधानाने डोळे मिटशील. तू विचारलंस, "नवीन बसवलंत त्याचं काय? तो विचारतो का, कोण बोलतंय?" नदीमला कुणीतरी बाहेर बोलावलं आणि उत्तर राहिलं. तो गेल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "मला काय माहीत?" तू म्हणालीस, "मग विचार ना."

आपल्यात झालेलं ते शेवटचं सरळ बोलणं. त्यानंतर तुला बोलायचे कष्ट पडू लागले.

म्हणून तुझे दिवस झाल्यावर मी नदीमच्या कारखान्यात गेले. तो धावत दारापर्यंत आला. "बाई, तुम्ही कशाला आलात? मी घरी आलो असतो."

"तुझा नवा खोका विचारतो का, कोण बोलतंय?"

"विचारतो ना. पासवर्ड मागतो. त्याशिवाय हातच लावू देत नाही."

"तो शब्द कोणी ठेवला?"

नदीम वर्गात गृहपाठ न केल्यावर जसा बघायचा, तसा जमिनीकडे बघू लागला. "कंपनीकडून येतो तोच आहे, बाई. पुस्तिकेत छापलेला असतो. सगळं काम आटोपलं की बदलणारच होतो."

"म्हणजे तो प्रश्न विचारतो, पण उत्तर सगळ्या दुनियेला पाठ आहे."

"बदलतो, बाई. उद्याच."

"मी बसते," मी म्हणाले आणि बसले. खुर्ची त्याच्या साहेबांची होती, हे नंतर कळलं.

नदीम हसला, मग त्याच्या लक्षात आलं की मी खरंच बसले आहे. त्याने कीबोर्ड पुढे ओढला. बोटं ठेवली आणि थांबला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "बाई, विजयामॅडमचं नाव ठेवू?"

विजू, त्या क्षणी मला किती हो म्हणावंसं वाटलं, ते तुला कळेल. कुठेतरी तुझं नाव राहिलं असतं, रोज कुणीतरी ते लिहिलं असतं. पण तुझं नाव महाडात कुणाला माहीत नाही?

मी उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. "नाव नको," मी म्हणाले. "दुसरं काहीतरी ठेव. आणि काय ठेवलंस ते मला सांगू नकोस."

मागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. थांबल्या, पुन्हा वाजल्या.

"झालं, बाई."

मी लगेच वळले नाही.